दोन पेपरांमधला रविवार

विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक कॉलेजच्या फलकावर लागलं की त्याच्यापुढे मुलांची झुंबड उडायची. जो तो आपापले विषय, तारखा आणि वार वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायचा. त्या छापील कागदावर शनिवारच्या खाली थेट सोमवार असायचा. रविवार त्यात नसायचाच. तरीही उतरवून घेताना आमच्या नजरा आधी तो न छापलेला वार शोधायच्या. तो कुठल्या पेपरच्या आधी पडतो यावर पुष्कळ काही अवलंबून असे. अवघड पेपरच्या आधी आला तर देव पावला, सोप्याच्या आधी आला तर फुकट गेला, असा सरळ हिशेब.

वाणिज्य शाखेच्या मुलांना या रविवारची एक गंमत पुस्तकातूनही भेटायची. १८८१ चा जो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे, त्यात मुदतीच्या हुंडीला मुदत संपल्यावर आणखी तीन दिवसांची सवलत दिलेली आहे. ‘डेज ऑफ ग्रेस’ म्हणतात त्यांना. पण हा शेवटचा दिवस नेमका रविवारी किंवा सार्वजनिक सुटीला आला, तर हुंडी सोमवारी नव्हे, आदल्या कामाच्या दिवशी देय होते. म्हणजे कायद्याच्या लेखी रविवार हा ऋणकोचा एक दिवस खातो! मी पुढे तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली, आणि हा नियम ऐकून आश्चर्य न वाटलेला कर्जदार मला भेटला नाही. परीक्षेतला रविवार मात्र बरोबर उलट्या स्वभावाचा. तो कुणाचं काही घेत नसे. वर एक दिवस हातावर ठेवून निघून जाई.

आता हा न छापलेला रविवार जवळजवळ नाहीसाच झाला आहे. कॅलेंडरवर तो आहे, लाल अक्षरातही आहे. पण तोच परीक्षेचा वार होऊन बसला आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तिन्ही वर्षं मे महिन्यातल्या रविवारीच झाली. लोकसेवा आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षा बहुधा शनिवार-रविवारी. कारण अगदी साधं आहे. शाळांच्या वर्गखोल्या त्या दिवशी रिकाम्या असतात आणि पर्यवेक्षणाला शिक्षक मोकळे असतात. एका रविवारवर किती जणांचा डोळा असावा? २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर कमालच झाली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टच्या रविवारी ठरलेली होती, आणि आयबीपीएसची बँक लिपिकांची परीक्षाही त्याच दिवशी आली. पुण्यात मुलं रात्रभर रस्त्यावर बसली. त्यांच्या इतरही मागण्या होत्या, पण एका रविवारी माणसानं दोन ठिकाणी कसं बसावं हा प्रश्न अगदी बिनतोड होता. अखेर आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. ती झाली १ डिसेंबरला. त्या दिवशी वार कोणता होता हे वेगळं सांगायला नको.

रविवार आपल्याकडे काही आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची एक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की मुलांना आठवड्याची सुटी द्या, आणि सुटीच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवू नका. हे वाचलं तेव्हा आधी मला हसू आलं, कारण आमच्या वेळापत्रकात सुटीच्या दुसऱ्या दिवशी हटकून सगळ्यात अवघड पेपर असायचा. मग हसू ओसरलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्या आकड्याची कारणं सांगायला जाणती माणसं आहेत, त्यांचं काम मी करू नये. मी सांगू शकतो ते फक्त एका रविवारबद्दल, कारण त्या रविवारी मी तिथे होतो.

एप्रिल १९८१. पुण्यात डेक्कनजवळच्या एका वसतिगृहात आम्ही चौघं शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहत होतो. टी. वाय. बी. कॉम.ची परीक्षा सुरू होती. आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, गावाच्या नावानंच सगळा कारभार. मी वाई. बाकीचे कराड, लांजा आणि बार्शी. कराडचं घर शेतीवाडीचं, त्याला नापास होण्याची फारशी भीती नव्हती आणि पास होण्याची घाईही नव्हती. लांज्याला विद्यापीठाचे सगळे नियम तोंडपाठ. कुणाला कुठल्या विषयात किती गुण मिळाले म्हणजे काय होतं, हे परीक्षा विभागातल्या कारकुनानं त्याला विचारून घ्यावं! बार्शी आमच्यात सगळ्यात अभ्यासू. त्याचे वडील आडत दुकानात दिवाणजी होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मनीऑर्डर यायची, आणि तिच्या कुपनावर दर वेळी एकच ओळ असायची : ‘प्रकृतीस जपून अभ्यास करणे.’ तीन बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक. कुर्डुवाडीहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं तो गावी जायचा आणि येताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणायचा. तो डबा दोन दिवसांत संपायचा.

शनिवारी एक पेपर झाला होता. सोमवारी कॉस्टिंग. त्याची सगळ्यांनीच धास्ती घेतलेली.

रविवारी सकाळी वसतिगृहाला वेगळाच वास यायचा. धुण्याच्या साबणाचा, दाढीच्या साबणाचा आणि चोरून ठेवलेल्या कॉइलवर उतू गेलेल्या चहाचा. रविवारचा पेपर एकच यायचा आणि त्याची पुरवणी आधी कुणाला मिळणार यावरून भांडणं व्हायची. लांजा ती शब्दकोड्यासाठी पळवायचा. बार्शी त्या दिवशी पहाटेच उठून नळावर कपडे धूत होता. शर्ट, पायजमे झाले, मग टॉवेल, मग गादीवरची चादरसुद्धा. परीक्षेच्या आठवड्यात चादर धुणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. कराड त्याला म्हणाला, ‘‘लेका, लग्नाला निघालायस काय?’’ तो नुसता हसला आणि दोरीवर चादर पसरत राहिला.

साडेअकरापर्यंत आम्ही अभ्यास केला. म्हणजे चौघं एका खोलीत बसून प्रोसेस कॉस्टिंगची गणितं सोडवत होतो. या विषयात ‘नॉर्मल लॉस’ आणि ‘ॲबनॉर्मल लॉस’ असे दोन प्रकार असतात. शंभर किलो माल कारखान्यात घातला की थोडासा उडून जातो, आटतो, वाया जातो. हे गृहीतच असतं. तो नॉर्मल लॉस. त्याचं वेगळं खातं काढायचं नाही, त्याचा भार उरलेल्या चांगल्या मालावर बसतो. त्याहून जास्त काही वाया गेलं तर तो ॲबनॉर्मल, त्याचं मात्र स्वतंत्र खातं. हे सारं वाचकांना कशाला सांगतोय, ते पुढे येईल. बार्शीची गणितं आमच्या आधी सुटत होती, पण उत्तर काढून झालं की तो खिडकीबाहेर पाहत बसायचा.

बाराच्या सुमारास खाणावळ. रविवारची खाणावळ ज्यानं अनुभवली नाही त्याला पुण्यातलं विद्यार्थिजीवन समजणार नाही. आठवडाभर पातळ आमटी आणि कोबी खाल्लेल्या मुलांना त्या दुपारी पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात आणि एक वाटी गोड मिळायचं. वाटी एकच, पुऱ्यांना बंधन नाही. त्या दिवशी बासुंदी होती. खाणावळीचे काका परीक्षेच्या दिवसांत जरा मवाळ व्हायचे. वाढता वाढता ते बार्शीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘काय रे, ताट तसंच? घे की अजून दोन.’’ आणि त्याच्या वाटीत दुसऱ्यांदा बासुंदी वाढली. नियमाविरुद्ध होतं ते. कराडनं लगेच आपली वाटी पुढे केली. काका म्हणाले, ‘‘तुला नाही.’’

रविवारी रात्री खाणावळ बंद. त्यामुळे दुपारचं जेवण दोन वेळचं म्हणून जेवायचं आणि मग पडायचं, हा शिरस्ता. आम्ही तिघं फरशीवर पाणी शिंपडून आडवे झालो. चार वाजता जाग आली तेव्हा बार्शी खोलीत नव्हता. थोड्या वेळानं आला तो घामाघूम. सायकलवरून कुठंतरी जाऊन आला होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘इथंच.’’

साडेपाचला कुणीतरी म्हणालं, टेकडीवर जाऊ. पुस्तकं घ्यायची की नाही यावर चर्चा झाली. नाही घ्यायची, असं कराडनं ठरवून टाकलं. फर्ग्युसनमागच्या टेकडीची वाट तेव्हा बरीच मोकळी होती. एप्रिलमध्ये गवत वाळून पिवळं पडलेलं, दगड तापलेले. पण सूर्य कलला की पश्चिमेकडून वारा सुटायचा आणि पुणं एकदम राहण्यासारखं वाटू लागायचं. वरून पर्वती दिसायची. हवा स्वच्छ असली तर पार दक्षिणेला सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. रविवार संध्याकाळ म्हणजे टी.व्ही.वर हिंदी सिनेमा. ज्यांच्या घरी संच होता ती माणसं आणि त्यांचे निम्मे शेजारी घरात बसलेले. खालचे रस्ते त्यामुळे ओस पडायचे. वर बसलं की शहर कुणीतरी बंद करून ठेवल्यासारखं वाटायचं.

आम्ही काय बोललो? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. वाईच्या घाटावरच्या पोहण्याबद्दल मी काहीतरी सांगितलं. लांज्यानं फणसाच्या गऱ्यांवरून कोकणाबाहेरच्या सगळ्या लोकांना मूर्ख ठरवलं. कराडनं त्यांच्या बैलांची नावं सांगितली. एका बैलाचं नाव मामलेदार होतं, त्यावरून बराच वेळ हसलो. मग सगळे गप्प झाले. अशी गप्प बसण्याची वेळ अभ्यासाच्या दिवसात येत नाही. कुणी गप्प झालं की दुसरा लगेच पुस्तक उघडतो. त्या दिवशी उघडायला पुस्तकच नव्हतं.

आणि बार्शी म्हणाला, ‘‘मी काल पेपर दिला नाही.’’

शनिवारी पेपर सुटल्यावर आम्ही चौघं बरोबर चालत आलो होतो. तिसऱ्या प्रश्नाचं काय लिहिलंस, असं लांज्यानं त्याला विचारलंही होतं, आणि ‘जमलं’ असं त्यानं उत्तर दिलं होतं. आता तो सांगत होता की प्रश्नपत्रिका हातात आली, अक्षरं दिसत होती. पण वाक्यं होईनात. पहिला अर्धा तास तो तसाच बसून राहिला. मग बाहेर जायला परवानगी मिळताच कोरी उत्तरपत्रिका देऊन उठला, आणि पेपर सुटायच्या वेळी फाटकापाशी येऊन आमच्यात मिसळला.

यावर काय बोलायचं असतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. विशीतल्या मुलांना धीर देता येत नाही. धीर द्यायचे शब्द ती मोठ्यांकडून उसने घेतात आणि ते त्यांच्या तोंडी शोभत नाहीत. कराडनं एक खडा उचलून खाली भिरकावला आणि विचारलं, ‘‘मग इतका वेळ होतास कुठं?’’

‘‘संभाजी बागेत.’’

‘‘भर उन्हात? सावलीतला बाक तरी मिळाला का?’’

‘‘पहिला तास नाही मिळाला. मग एक आजोबा उठून गेले.’’

बार्शी हसला. आम्हीही हसलो. का हसलो ते सांगता येणार नाही, पण त्यानंतर तो सगळं बोलला. वडिलांना काय सांगायचं, त्यांनी मालकाकडून उचल घेतलेली आहे, थोरलीच्या लग्नाचं अजून फिटलेलं नाही. आज रात्रीच्या गाडीनं जाणार, असंही सांगितलं. पुढच्या पेपरांना बसून उपयोग काय?

मला आजही वाटतं, हे बोलायला त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. नळावर, गणितं सोडवताना, खाणावळीत, प्रत्येक ठिकाणी ते त्याच्या तोंडाशी आलं असणार. पण तिथे काही ना काही चाललेलं होतं. आणि आपणहोऊन कुणी काही विचारावं, असं आम्हा मुलांत नव्हतं.

लांजा एवढा वेळ मनाशी आकडेमोड करत होता. तो म्हणाला, ‘‘हे बघ, एकच विषय गेलाय. बाकीच्यांत पुरेसे गुण पडले तर त्यांतून सूट मिळते. ऑक्टोबरला हा एकच द्यायचा. नॉर्मल लॉस आहे रे हा. उरलेल्या युनिटांवर बसवायचा.’’

बार्शी तावातावानं म्हणाला, ‘‘अजिबात नाही. हा ॲबनॉर्मल आहे. याचं वेगळं खातं काढावं लागतं. आणि नॉर्मल लॉसच्या स्क्रॅपची किंमत आधी वजा करायची असते, तू सकाळी तिथंच चुकलास.’’

कराड म्हणाला, ‘‘हे एवढं येतंय, तर उद्या बस की.’’

एवढंच झालं. कुणी कुणाला जवळ घेतलं नाही, आणाभाका झाल्या नाहीत. अंधार पडू लागला म्हणून उठलो आणि उतरलो.

खाली रस्त्यावर भेळवाला होता. रात्रीची खाणावळ बंद, तेव्हा तेच जेवण. भेळेसाठी चौघांनी खिसे उलटे केले. बार्शीच्या खिशातून काही नाणी निघाली आणि त्यांच्याबरोबर पुठ्ठ्याचं एक जाडसर तिकीट निघालं. पुणे ते कुर्डुवाडी. भर दुपारी तो सायकलवरून स्टेशनवर गेला होता, तो यासाठी. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. बार्शीनं ते परत खिशात टाकायच्या आत कराडनं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि शांतपणे त्यानं भेळ खायला सुरुवात केली. भेळेबरोबर तेव्हा चमच्याऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा मिळायचा, तो कराडला नेहमी मऊ लागायचा. ‘‘हे बरंय,’’ तो म्हणाला, ‘‘रेल्वेचा पुठ्ठा कडक असतो.’’ दोन घासांत तिकिटावर चिंचेचं पाणी पसरलं.

रात्री दोनपर्यंत आम्ही गणितं केली. बार्शी शिकवत होता. मध्येच तो उठला, गच्चीवरून वाळलेली चादर आणली आणि गादीवर घातली. सोमवारी हॉलच्या दारापर्यंत कराड त्याच्याबरोबर गेला. कराडचा नंबर खरं म्हणजे दुसऱ्या इमारतीत होता.

त्या परीक्षेत कॉस्टिंगला आमच्यात सर्वांत जास्त गुण बार्शीला पडले. राहिलेला विषय त्यानं ऑक्टोबरमध्ये सोडवला. वडिलांना त्यानं काय सांगितलं, कधी सांगितलं, हे मी विचारलं नाही. मी बँकेत लागलो. लांजाही एका बँकेत लागला आणि तिथले नियम पाठ करू लागला. कराड शेतीत गेला. बँकेतल्या खात्यांतर्गत परीक्षा मी पुढे रविवारीच दिल्या, एकट्यानं. सकाळी पेपर, दुपारी घरी. त्या रविवारांतला एकही आज मला आठवत नाही.

बार्शीचं आता शेतीपंप आणि पाइपांचं दुकान आहे, मुलगा चालवतो. निवृत्तीनंतर एका समारंभासाठी त्या भागात गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो. गल्ल्यामागे बसून त्यानं चहा मागवला. टेकडीचा विषय निघाला. मला वाटलं, तो थोडा गंभीर होईल. तो म्हणाला, ‘‘अरे, गाडी सुटायला दोन-अडीच तास होते. स्टेशनवर जाऊन तिकीट परत केलं असतं तर थोडं कापून पैसे मिळाले असते. त्या गाढवानं भेळ खाल्ली त्याच्यावर.’’